डाव्या पायाखालचा क्लच

मित्रांनो, मी एक जुना क्लच आहे. ज्या अँबॅसिडर मोटारीत मी बसवलेला आहे, ती अवसरी बुद्रुकला एका बंगल्याच्या फाटकाशी उभी असते. तिच्या पांढऱ्या अंगावर रोज फडकं फिरतं. येणारेजाणारे तिला टेकून फोटो काढतात. त्या फोटोंत मी कधीच येत नाही. माझी जागा खाली, पायांच्या अंधारात. मी बिघडलो की मगच लोकांना माझी आठवण होते, आणि तीही शिव्या घालण्यापुरती. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं आहे. माझी गोष्ट गोड नाही, पण ऐकायला बसलाच आहात तर शेवटपर्यंत ऐका.

आधी माझं काम सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना ते ठाऊक नसतं. मोटारीचं इंजिन सुरू झालं की सारखं फिरत राहतं. चाकं मात्र कधी फिरायची असतात, कधी थांबायची. इंजिनाची आणि चाकांची गाठ बांधणं आणि सोडणं, हे माझं काम. चालवणाऱ्याच्या डाव्या पायाखाली जे पेडल असतं, तो माझा तळहात समजा. त्यावर पाय पडला की वरच्या सिलिंडरमधलं तेल दाबलं जातं. ते बारीक नळीतून खाली धावतं, खालच्या सिलिंडरला ढकलतं आणि गाठ सुटते. पाय उचलला की तेल मागं फिरतं, पेडल वर येतं आणि गाठ पुन्हा बसते. माझ्या अंगात दोरी नाही, तार नाही. तेल आहे, आणि ते गळू नये म्हणून बसवलेली बोटाच्या पेराएवढी रबरं आहेत. सगळी मोटार त्या रबरांच्या जिवावर चालते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या अशा क्लचला हायड्रॉलिक क्लच म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. याच शब्दानं पुढं घात केला.

मी कारखान्यात घडलो तेव्हाचं फारसं आठवत नाही. तापलेलं लोखंड, कानशीचा आवाज, आणि कोणीतरी पेडलवर हात दाबून "चालतंय" म्हणाल्याचं आठवतं. पहिली काही वर्षं मी पुण्यातल्या एका डॉक्टरांच्या बुटाखाली काढली. बूट जड होता, पण पाय शहाणा होता. त्यांच्याकडून चांगदेवरावांनी ही मोटार घेतली आणि मी अवसरीला आलो.

चांगदेवराव म्हणजे बटाट्याच्या हंगामात मंचरच्या बाजारात ज्यांचा आवाज लांबून ओळखू यायचा असे शेतकरी. त्यांच्या पायात करकरणारी कातडी चप्पल असायची. ते मला दाबायचे तेही घाव घातल्यासारखे. मी सोसलं. पण पहिलंच वर्ष सरत आलं असताना ते बैलाला पाणी पाजायला गेले आणि हौदाच्या कडेवरून घसरले. डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. पाय पुन्हा उभा राहिला, चालला, पण वाकून जोर देईना. आणि माझ्यावर तर डावाच पाय लागतो.

मोटार विकायची बोलणी सुरू झाली. गिऱ्हाईक येऊन चहा पिऊन गेलं. ते गेल्यावर चांगदेवरावांची बायको अंजनाबाई मोटारीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "इकायची कशाला? तुमचा डावा पाय गेलाय. माझे दोनी हायेत."

चांगदेवराव हसले. मग हसायचे थांबले. त्यांना ते पटलं असावं.

त्या दिवसांत त्यांच्या पडीक रानात मेंढरं बसवलेली होती. तुम्हाला हे माहीत असेल, नसेल तर सांगतो. मेंढरं राखणारी माणसं आपला कळप शेतकऱ्याच्या रानात मुक्कामाला आणतात, लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि मेंढक्यांना धान्य. लोणीची तुकाबाई आणि तिचा नवरा दरवर्षी चांगदेवरावांच्या रानात येत. त्याच रानात अंजनाबाई मोटार शिकली. चांगदेवराव शेजारच्या बाजूला बसून ओरडायचे, "दाब. आता सोड. अगं हळू सोड, दावं तुटल्यावानी काय सोडतीस?" मी झटका खायचो, मोटार बेडकासारखी उडी मारून बंद पडायची आणि मेंढरं चारी दिशांना पळायची. तुकाबाई बांधावर बसून डोळ्याला पदर लावून हसायची. एकदा ती म्हणाली, "अण्णा, तुमी खाली उतरा. तुमच्या वरडन्यानं ती भेतीया, गाडी न्हाई भेत." आणि खरंच स्वतः आत येऊन बसली. तिला मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण ती शेजारी बसली की अंजनाबाईचा पाय शांत व्हायचा. दोघींची ओळख तिथली.

मित्रांनो, मला माणसं पायांवरून कळतात. अंजनाबाई चप्पल काढून चालवायच्या. अनवाणी पाय पेडलवर ठेवायच्या, आणि बोटांतली जोडवी लोखंडावर टिक् करून वाजायची. ती टिक् ऐकली की मी तयार व्हायचो. त्या मला कधी अर्धवट दाबून ठेवायच्या नाहीत आणि सोडताना अशा सोडायच्या की मागं बसलेल्याच्या हातातला चहा सांडू नये. असा पाय मला पुन्हा मिळाला नाही.

पुढची वर्षं कामाची होती. मंचरचा बाजार, नारायणगावचा दवाखाना, राजुरीचे पाहुणे, जुन्नरची कचेरी. पारावरची माणसं सुरुवातीला बोलायची. एकानं चांगदेवरावांना विचारलं होतं, "काय अण्णा, तुमी नवरा का किलीनर?" चांगदेवराव म्हणाले, "किलीनर. तुला बसायचं आसंल तर टपावर बस." त्यानंतर स्वतःच्या सुनेला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं म्हणून तोच माणूस मोटार मागायला आला, तेव्हा अंजनाबाईंनी काही न बोलता मोटार काढली. गावातल्या कितीतरी बायका पहिल्यांदा मोटारीत बसल्या त्या याच मोटारीत, कारण चालवणारी बाई होती. तेव्हा माझं कौतुक व्हायचं. "लई मऊ चालती गाडी" असं लोक म्हणायचे. ते कौतुक माझं होतं की त्या पायाचं, हे मी कधी विचारलं नाही.

बॉनेटखाली माझ्या तेलाची छोटी डबी असते. तिच्यातलं तेल अंजनाबाई स्वतः बघायच्या. क्लचलाही ब्रेकचंच तेल लागतं, हे चांगदेवरावांनी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. घरात त्याचं नावच "ब्रेकचं तेल" होतं. लहान डबा, झाकण घट्ट, धान्याच्या कणगीवर ठेवलेला. दुसरं कोणी हात लावायचं नाही.

मग चांगदेवराव गेले. त्यानंतर पहिल्यांदा जेव्हा तो पाय माझ्यावर पडला तेव्हा टिक् झाली नाही. बोटं मोकळी होती. मला ते लोखंडातून कळलं.

त्यानंतरही त्यांनी काही वर्षं मोटार चालवली. पण माझी रबरं म्हातारी झाली होती. वरच्या सिलिंडरमधून तेल पाझरायला लागलं, मग खालच्यामधूनही. जिथं तेल जातं तिथं हवा शिरते, आणि हवेत जोर नसतो. एके सकाळी अंजनाबाईंनी मला दाबलं आणि पेडल सरळ तळाला गेलं. ओल्या चिखलात पाय रुतावा तसं. गाठ सुटलीच नाही. त्यांनी मुलाला, भरतला, सांगितलं की क्लचची रबरं गेली आहेत, मंचरला गॅरेजात सांग. भरत म्हणाला की बघतो. आठवड्याने म्हणाला की याचे पार्ट आता कुठंच मिळत नाहीत, कंपनीनं बंद केलेत.

मुलगा सांगतो म्हणजे तसंच असणार, म्हणून त्यांनी दुसरीकडं विचारलं नाही. भरतनं नवी गाडी घेतली. त्या गाडीत क्लचचं पेडलच नाही म्हणे. डाव्या पायाला कामच नाही. मला शेडमध्ये लोटलं. माझ्या डोक्यावर कांद्याच्या रिकाम्या बारदानांचा ढीग आला. एका कोंबडीनं पायांच्या जागी अंडी घातली. अंजनाबाई अधूनमधून यायच्या, कोंबडी हाकलायच्या, दार लावायच्या आणि जायच्या.

त्यांना लोणीला जायचं असे. तुकाबाईची कंबर धरली होती, ती आता माळावरच्या घरी पडून असायची. मेंढरं कधीच विकली होती. अंजनाबाई भरतला म्हणायच्या, मला एकदा तुकाकडं सोड. भरत हो म्हणायचा. हो म्हणायला त्याचं काही जात नव्हतं. रविवार यायचे आणि जायचे. मी शेडमध्ये ते सगळं ऐकायचो, कारण चूल-अंगणातलं बोलणं शेडमध्ये स्वच्छ येतं.

मग हर्षालीचं लग्न ठरलं. हर्षाली भरतची मुलगी, नवरा मुलगा राजुरीचा. आजकाल नवरी कशात बसून येते याला महत्त्व असतं. कोणी ट्रॅक्टरवर येते, कोणी बुलेटवर. हर्षालीनं सांगितलं की तिला आजोबांची मोटार हवी. मोटार इंजिनावर चालत यावी, ढकलत नको. भरतनं त्याच दिवशी फोन केला आणि तिसऱ्या दिवशी दत्ता पेटी घेऊन अंगणात आला.

दत्ता म्हणजे तुकाबाईचा मुलगा. मंचरला त्याचं गॅरेज आहे. हाताचा चांगला, तोंडाचा गोड. त्यानं बॉनेट उघडलं, खाली झोपून बघितलं आणि पिशवीतून नवी रबरं काढली. अंजनाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "दत्ता, ही रबरं कुठनं पैदा केली रं? बंद झालीत ना?"

दत्ता खालूनच म्हणाला, "बंद कशाला व्हत्याल मावशी? नारायणगावात कवापन मिळत्यात. मीच भरतदादाला मागं म्हनलं व्हतं, आनू का."

अंगणात भरत होता, त्याची बायको आरती होती. आरतीनं सुपातलं धान्य पाखडायचं थांबवलं. भरतनं फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता. अंजनाबाई आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी दत्तासाठी चहा आणला, आणि भरतसाठी आणला नाही. एवढंच.

दत्तानं काम चांगलं केलं, ते मी नाकारणार नाही. दोन्ही सिलिंडर काढले, आतला गंज पॉलिश पेपरनं घासून ते आरशासारखे केले, रबरं नव्या तेलात भिजवून बसवली, कुजलेला पाइप बदलला. मग राहिलं हवा काढायचं काम. ते एकट्याला होत नाही. एकानं खाली झोपून खालच्या सिलिंडरवरची बारीक तोटी उघडायची आणि दुसऱ्यानं वर बसून पेडल दाबायचं. दत्तानं भरतला हाक मारली. भरत फोनवर मांडववाल्याशी बोलत होता. तेव्हा अंजनाबाईंनी चप्पल काढली आणि आत येऊन बसल्या.

"दाबा," दत्ता खालून म्हणाला. "धरा. सोडा. दाबा."

मित्रांनो, त्या पायाचं वजन कमी झालं होतं. टाच खरखरीत झाली होती. पण पाय तोच होता. पहिल्यांदा मी पोकळ होतो, पेडल तळाला जायचं. खालच्या तोटीतून बुडबुडे फुटायचे, भात शिजताना फुटतात तसे. मग बुडबुडे कमी झाले. मग तेलाची सलग धार आली. आणि पुढच्या वेळी त्यांनी दाबलं तेव्हा मी त्यांच्या पायाला उलटा जोर दिला. अंजनाबाई गालात हसल्या. "आला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या कोणाशी नाही, माझ्याशीच.

जाताना दत्ता भरतला सांगून गेला, "दादा, ह्यो हायड्रॉलिक क्लच हाय. नव्या रबरावर तेल जरा खाली जाईल. बघून टाकत जावा." कोणतं तेल, ते तो बोलला नाही. त्याच्या धंद्यात ते सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भरत पत्रिका वाटायला गेलेला असताना हर्षाली आजीजवळ आली. म्हणाली, "आजी, चल, तुझ्या मैत्रिणीला पत्रिका आपण देऊ. गाडी तू चालव." अंजनाबाईंनी नाही म्हणून पाहिलं, पण ते नाही मनापासून नव्हतं. निरगुडसरवरून लोणीच्या माळाकडं आम्ही गेलो. वाटेत एकदाही मी अडखळलो नाही, आणि त्या पायानंही एकदा मला दुखवलं नाही. लोणीला तुकाबाईच्या घराशी मोटार थांबली तेव्हा तुकाबाई आतूनच म्हणाली, "ह्यो आवाज वळखीचा हाय." तिला धरून धरून बाहेर आणलं, पुढच्या सीटवर बसवलं. अंजनाबाईंनी माळावर एक वेढा घेतला. तुकाबाईनं सगळ्या वेढ्यात एकच गोष्ट विचारली, "आता तरी बेडकावानी उडती का गं?" दोघी म्हाताऱ्या हसत राहिल्या. हर्षाली मागं बसून त्यांचा व्हिडिओ काढत होती. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा चांगला दिवस.

संध्याकाळी भरतला कळलं. तो आईवर ओरडला नाही, पण मुलीवर ओरडला. लग्न चार दिवसांवर आलंय, कुठं काही झालं असतं तर, असं बरंच बोलला. मग तो काळजीनंच मोटारीकडं आला. हे मी त्याच्या बाजूनं सांगतो, कारण तो दुष्ट नाही. त्यानं बॉनेट उघडून माझी डबी बघितली. तेल खुणेच्या खाली होतं. दत्ता म्हणाला होता तसंच.

आता इकडच्या गावांत हायड्रॉलिक म्हणजे एकच गोष्ट. ट्रॅक्टरच्या मागं नांगर उचलणारं ते हायड्रॉलिक. "हायड्रॉलिक उचल," "हायड्रॉलिक खाली घे," पोरंसोरंही असंच बोलतात. त्याच्या तेलाचा मोठा डबा शेडमध्ये होताच. भरत डबा घेऊन आला, झाकण उघडलं आणि माझी डबी काठोकाठ भरली. अंजनाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. दहा पावलांवर. एकदा विचारलं असतं, आई, यात कोणतं तेल टाकू, तर त्यांनी हातातला लसूण टाकून धाव घेतली असती. त्यानं विचारलं नाही. मोटारीतलं काही आईला विचारायचं असतं, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

मित्रांनो, ब्रेकचं तेल वेगळं आणि ट्रॅक्टरचं तेल वेगळं. माझ्या रबरांना ट्रॅक्टरचं तेल म्हणजे विष. रबर ते पिऊन फुगतं, पाण्यात पडलेल्या हरभऱ्यासारखं. लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी मला फक्त आतून गच्च वाटलं. दुसऱ्या दिवशी वरचं रबर सिलिंडरच्या भिंतींना घासायला लागलं. मी ओरडू शकत नव्हतो.

लग्नाच्या सकाळी हर्षालीनं हट्ट धरला की मोटार आजीच चालवणार. भरत नाही म्हणाला. ती म्हणाली, मग मी रिक्षात बसून येते. पाहुणे जमले होते, वाद वाढवायला वेळ नव्हता, म्हणून भरत गप्प बसला. अंजनाबाईंनी हिरवी इरकल नेसली. कार्यालय मंचरच्या अलीकडं हमरस्त्याला लागून होतं. आरती पुढच्या गाडीत, भरतही. आमच्या मोटारीत नवरी मागं, अंजनाबाई पुढं.

निघाल्यापासून मी जड होतो. पेडल खाली जायचं, पण वर यायला उशीर करायचं. इंजिनाच्या उष्णतेनं रबर आणखी फुगत होतं. एका वळणावर अंजनाबाई म्हणाल्या, "जड झालाय गं ह्यो." हर्षाली मेहंदी जपत बसली होती. तिनं ऐकलं, पण त्यातलं तिला काय कळणार.

कार्यालयाच्या फाटकाशी फुलांची कमान होती. तिच्यासमोर थांबायचं, बँड वाजायचा, मग हळू आत जायचं, असं ठरलं होतं. अंजनाबाईंनी मला दाबलं, मोटार थांबवली, पहिला गिअर घातला आणि पाय दाबूनच ठेवला. बँड वाजला. वर ड्रोन फिरत होता. फोटोवाल्यानं हात केला. अंजनाबाईंनी डावा पाय उचलायला घेतला, नेहमीसारखा, हळू, चहा सांडणार नाही असा.

पाय वर आला. पेडल खालीच राहिलं.

इंजिन फिरत होतं, गाठ बसत नव्हती. मोटार जागची हलेना. अंजनाबाईंनी उजव्या पायानं इंजिनाला थोडा जोर दिला. बघणाऱ्यांना वाटलं आजी गोंधळली. कोणीतरी म्हणालं, "आजी, क्लच सोडा." दुसरा म्हणाला, "पाय काढा पाय, जळंल." त्यांचा पाय माझ्यावर नव्हताच. तो हवेत होता. पण कमानीजवळ उभ्या असलेल्या कोणाला आतला पाय दिसतो? त्या खाली वाकून पेडलकडं बघायला लागल्या, आणि त्याच क्षणी आतलं फुगलेलं रबर सुटलं. पेडल एकदम वर आलं. गाठ एकदम बसली. मोटारीनं उडी मारली आणि फुलांची कमान पुढच्या काचेवर कोसळली.

कोणाला लागलं नाही. हर्षालीच्या मुंडावळीचा सर तुटला आणि ती घाबरून रडली. बँड थांबला होता. त्या शांततेत भरत धावत आला. त्यानं दार उघडलं, आईच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "उतर. पायात त्राण न्हाई आन हौस बघा."

अंजनाबाई म्हणाल्या, "माझा पाय उठला व्हता रं. ह्येच उठलं न्हाई."

"पेडल आपोआप खाली बसतंय का?"

बाजूच्या चार जणांना हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते, लग्नातलं होतं. पण अंजनाबाई अनवाणी उतरल्या आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधून चालत जाऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. पोरांनी मोटार ढकलत आत नेली. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत तोच विषय होता. सत्तरीच्या बाईला गाडी कशाला द्यायची, परवा लोणीला गेली तेव्हाच क्लच जाळला असणार, असं लोक बोलत होते. पारावर जे कधीकाळी बोललं गेलं होतं, ते आता मंडपात बोललं गेलं. फरक एवढाच की तेव्हा त्यांना उत्तर देणारा माणूस शेजारी होता.

चार दिवसांनी दत्ता आला. त्यानं वरचा सिलिंडर खोलला, रबर बाहेर काढलं आणि बोटांत धरून बघत राहिला. ते दुप्पट झालं होतं. त्यानं डबीला नाक लावलं.

"दादा, यात ट्रॅक्टरचं तेल कुनी टाकलं?"

भरतनं डबीकडं बघितलं. मग म्हणाला, "तूच म्हनलास ना, हायड्रॉलिक हाय म्हनून."

दत्ताचं तोंड उतरलं. चूक दोघांत वाटली गेली होती. थोडा वेळ त्यानं ते रबर नुसतं फडक्यानं पुसलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मावशीला सांगाया पायजे. ती म्हनत व्हती ते खरं हाय. पाय उठला आसनार तिचा."

"कशाला?" भरत म्हणाला. "झालं ते बरं झालं. आता चालवायचं नाव न्हाई काढायची. हायवेला काय गाड्या सुटत्यात बघितल्यास का? उद्या खरंच कुठं धडकली म्हंजी? ऱ्हाऊ दे तिच्या मनात."

दत्तानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला खालून कळलं नाही. पण तो ओट्यावरून गेला तेव्हा अंजनाबाईंनी विचारलं, "काय झालं व्हतं रं दत्ता?" आणि तो म्हणाला, "जुनी गाडी हाय मावशी. चालायचंच." ज्या बाईच्या शेजारी त्याची आई बसायची, त्या बाईला तो एवढंच म्हणाला. मला भरतपेक्षा दत्ताचा राग जास्त येतो. त्या पायाची किंमत भरतला कधी कळली नव्हती. दत्ताला सगळं कळलं होतं.

नवी रबरं त्यानंतर बसली. मी आता ठणठणीत आहे. कोणी दाबत नाही, एवढंच. मोटार फाटकाशी शोभेला उभी आहे. हर्षालीच्या लग्नातला फोटो भिंतीवर लावला आहे, त्यात कमान पडण्याआधीचा क्षण आहे, सगळे हसत आहेत.

आणि अंजनाबाई. त्या फाटकापर्यंत येतात, हात मोटारीच्या टपावर ठेवतात, पण दार उघडत नाहीत. हर्षाली माहेरी येते तेव्हा म्हणते, आजी, गावातल्या गावात एक चक्कर मार. त्या म्हणतात, "नगं गं. माझा पाय आता माझं ऐकत न्हाई." सुरुवातीला त्या हे मोटारीपुरतं म्हणायच्या. मग रस्ता ओलांडताना म्हणायला लागल्या. मग जिना चढताना. आता अंगणातून फाटकापर्यंत यायलाही त्यांना भिंत लागते. दवाखान्यात दाखवलं, पायाला काही झालेलं नाही म्हणाले. मला ते आधीच माहीत होतं. पाय चांगला आहे. त्यांचा त्यावरचा विश्वास गेला आहे, आणि तो एका खोट्यानं घालवला आहे. लोणीहून तुकाबाईचे निरोप येतात. त्या उत्तर पाठवतात, जमलं तर येते. त्यांना जमणार नाही असं वाटतं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडं काहीतरी मागतो. यंत्राला तेल घालताना डब्यावरचं नाव वाचा, आणि ज्याला माहीत आहे त्याला विचारा, मग ती घरातली म्हातारी का असेना. हे मी मागतोच. पण माझं खरं मागणं निराळं आहे. तुमच्यापैकी कोणी मंचरच्या बाजूला आलं आणि अवसरीत ही पांढरी मोटार दिसली, तर हवा तेवढा फोटो काढा. नंतर मात्र आत जा. ओट्यावर अंजनाबाई बसलेल्या असतील. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून जवळ बसून, सावकाश, त्यांना सांगा की त्या दिवशी फाटकात तुमचा पाय उठला होता. उठलं नव्हतं ते पेडल. डबीत ट्रॅक्टरचं तेल होतं, आणि ते तुम्ही टाकलेलं नव्हतं.

भरत तिथं असेल, तर त्याच्या देखतच सांगा.